प्रत्येक पानाच्या माथ्यावर आत्या

चंद्रपूरच्या ज्या संस्थेत मी नोकरी केली, तिच्या संचालकांबद्दल मला आजही चांगलं बोलता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. ओळखीचे लोक म्हणतात, झालं गेलं, सोडून दे. पण ते माझ्या एकटीचं नव्हतं, मग मी एकटीनं कसं सोडायचं?

संस्था जंगलातला माल विकत घ्यायची. मध, हिरडा, बेहडा, मोहफुलं, चारोळी, बांबूच्या टोपल्या. भामरागड-एटापल्लीकडच्या गावांतून माल यायचा आणि नागपूर-पुण्याकडे जायचा. शिवाय गावांमध्ये दारूमुक्तीचं, आरोग्याचं, असं काही काही चालायचं आणि त्याला बाहेरून देणग्या यायच्या. हे सगळं वेबसाइटवर दिसावं लागायचं आणि वेबसाइट माझ्याकडे होती. मी भामरागडच्या पलीकडची, माडिया. मराठी आश्रमशाळेत शिकले, कॉम्प्युटर चंद्रपुरात शिकले. मुलाखतीत संचालकांनी कॉम्प्युटरचं फारसं विचारलं नाही. गाव कोणतं ते विचारलं आणि ऐकून खूश झाले. देणगीदार आले की ते मला खुर्चीवरून उठवून बाहेर बोलवायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, ही आमची मुलगी.

मी गेले तेव्हा वेबसाइटची अवस्था वाईट होती. कोणीतरी कधीतरी साधी पानं करून ठेवली होती आणि प्रत्येक पानावर संस्थेचं नाव, पत्ता, फोन वेगवेगळा टाइप केला होता. फोन नंबर बदलला की सगळी पानं उघडून एकेक दुरुस्त करायची. चार ठिकाणी जुना नंबर राहायचाच आणि शिव्या मला बसायच्या. सर्व्हर अगदी स्वस्तातला होता, त्यावर फार काही चालत नव्हतं. पण एक जुनी सोय चालू होती. पानाच्या माथ्याचा, म्हणजे नाव-पत्त्याचा, मजकूर एका वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि प्रत्येक पानात वरती फक्त एक ओळ लिहायची, की इथे ती फाइल घाल. वाचणाऱ्याला ती ओळ दिसत नाही. कोणी पान मागितलं की सर्व्हर ती सूचना वाचतो, सांगितलेली फाइल उचलून त्या जागी बसवतो आणि मग पान पुढे पाठवतो. मी माथ्याची एक फाइल केली, तळाची एक केली, आणि जुना कचरा काढून सगळ्या पानांत त्या ओळी घातल्या. खिडकीच्या कट्ट्यावर रोज कोळशाची काळी धूळ बसायची, ती पुसून तिथे पाण्याची बाटली ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत ते काम करत बसायचं, असे बरेच दिवस गेले. काम चांगलं झालं होतं. मला ते आवडायचं.

झाल्यावर मी संचालकांना, म्हणजे आमच्या सरांना, दाखवलं. माथ्याच्या फाइलीत एक अक्षर बदललं आणि कोणतंही पान उघडून दाखवलं. त्यांना बाकी काही कळलं नाही, पण तेवढं बरोबर कळलं.

"म्हंजे एका ठिकाणी बदललं का सगळीकडं बदलते?"

मी हो म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि मला चहा सांगितला.

त्यानंतर धान कापायच्या दिवसांत मी सुट्टी घेऊन गावी गेले. आमच्याकडे तेव्हा नेटवर्क एका टेकडीवरच यायचं, आणि शेताचं काम सोडून टेकडीवर कोण जाणार? मी परत आले, कॉम्प्युटर चालू केला, वेबसाइट उघडली. माथ्यावर माझी आत्या हसत होती.

माझ्या वडिलांची थोरली बहीण. कपाळावर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, डोक्यावर टोपली. मधाच्या खरेदीच्या दिवशी संस्थेनं नागपूरहून फोटोवाला आणला होता, त्यानं तो काढलेला. आत्या कोणाच्याही समोर हसत नाही. त्या दिवशी ती हसली, कारण शेजारी तिची मुलगी उभी होती आणि त्या फोटोवाल्याच्या टोपीबद्दल काहीतरी म्हणाली होती. फोटोत मुलगी नव्हती. आत्याच्या खांद्यावर एक हात होता, काचेच्या बांगड्या घातलेला, आणि मनगटाच्या मागे फोटो संपत होता. पुढच्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, आणि त्या दिवसांत ती मुलगी बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मी तो हात बराच वेळ बघत बसले.

मी नसताना सरांनी नागपूरच्या एका वेबसाइटवाल्याकडून हे करून घेतलं होतं. मी विचारायला गेले. फोटो संस्थेच्या मालकीचा आहे, देणगीदारांना फार आवडला, चेहरा किती बोलका आहे, असं ते सांगत राहिले. मी म्हणाले, ती माझी आत्या आहे. त्यांचा चेहरा उजळला. मग तर अजूनच चांगलं, म्हणाले. मी म्हणाले, तिला विचारलेलं नाही. ते म्हणाले, तू घरचीच आहेस, तू विचारून घे. मी फोटो काढा म्हणाले. पुण्याहून पाहुणे येणार आहेत, ते येऊन जाऊ दे, मग बघू, म्हणाले. पाहुणे येऊन गेले. मी पुन्हा विचारलं, तेव्हा दुसरे पाहुणे येणार होते.

मला वाटलं होतं, आत्या कुठे वेबसाइट बघणार आहे? तिला कळायच्या आत मी कसंही करून तो काढून घेईन. पण माथ्याची फाइल सगळ्याच पानांवर जात होती. मालाच्या भावाच्या पानावर, निविदांच्या पानावर, फोन नंबरांच्या पानावर. आणि एक पान दारूमुक्तीचं होतं. त्याचा मथळा होता, दारूच्या विळख्यातून बाहेर पडलेल्या महिला. सर्व्हरला काय, त्याला दिलेली सूचना तो पाळतो. त्या मथळ्याच्या बरोबर वर माझ्या आत्याचा चेहरा येऊन बसला होता.

मध देणाऱ्या बायकांचा मोबाइलवर एक गट होता. सरांनी स्वतः त्या पानाची लिंक त्या गटावर टाकली. आमच्या गावात दोघी-तिघींकडे मोबाइल होता, त्या टेकडीवर गेल्या आणि गावात येऊन सांगितलं.

आमच्याकडे मोहाची दारू ही फक्त पिण्याची गोष्ट नाही. पहिला थेंब जमिनीवर पडतो तो पूर्वजांचा असतो. लग्नात लागते, मरणात लागते, पंडुमला, म्हणजे आमच्या सणाला, लागते. आत्या सगळ्यांसारखी सणाला घेते. तिला तोल गेलेली कोणी पाहिलेली नाही. गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काही म्हणाले, ही चोरून पीत होती म्हणूनच संस्थेनं हिला धरलं. वडीलधारी माणसं म्हणाली, हिनं बाहेरच्या लोकांना दारू सोडायचा शब्द दिला, पूर्वजांचा वाटा बंद करणार, आणि आम्हाला सांगितलंही नाही. दोन्ही खोटं होतं आणि दोन्ही एका फोटोमुळे होतं.

पुढच्या पंडुमला मी गावात होते. बायका ओळीनं बसल्या होत्या. पानाचा द्रोण हातोहात पुढे सरकत होता. आत्याच्या शेजारणीनं तो घेतला, प्यायली, आणि आत्याला ओलांडून पलीकडच्या बाईला दिला. कोणी हसलं नाही. आत्यानं हात पुढे केला होता, तो तिनं हळूच मांडीवर ठेवला. शेजारीण म्हणाली, तू तर सोडली ना. बस, एवढंच. गाणं चालूच राहिलं.

मी उठून त्या शेजारणीला सगळं समजावून सांगू लागले. फाइल, सूचना, सर्व्हर. माडियात त्याला शब्द नाहीत, मी मराठी शब्द घालून सांगत होते, आणि मलाच ऐकू येत होतं की मी नोकरीचं बोलतेय. आत्यानं माझं मनगट धरून मला बाजूला नेलं. ती मोठ्यानं बोलली नाही.

"तू तिथे बसतेस. माझं तोंड तू विकलंस."

मी म्हणाले, मी लावलं नाही, मी इथेच होते, धान कापत होते, तुझ्याच शेतात. ती म्हणाली, मग कोणाला माहीत होतं मी कोण? मी म्हणाले, कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना माहीत असायची गरज वाटली नाही. तिनं मनगट सोडलं. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही. बसला असता तरी द्रोण काही परत येणार नव्हता.

चंद्रपूरला परत येताना बस आलापल्लीला बराच वेळ थांबली. मी खाली उतरले नाही. काय करायचं ते मी ठरवलं होतं आणि दुसरं काही सुचू नये म्हणून बसून राहिले.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी माथ्याची फाइल उघडली, फोटोची ओळ काढली आणि फाइल सर्व्हरवर चढवली. एका ओळीनं आत्या सगळ्या पानांवरून गेली. दुपारच्या जेवणापर्यंत ती नव्हती. मग सरांनी कोणाला तरी वेबसाइट दाखवायला घेतली आणि मला आत बोलावलं. समोर पाहुणे बसले होते, म्हणून ते हसत बोलले. पाहुणे गेल्यावर हसू गेलं.

"वेबसाइट तुह्या बापाची आहे का? कोणाले विचारून काढला फोटो?"

मी म्हणाले, लावताना कोणाला विचारलं होतं? त्यांनी टेबलावर पंजा आपटला. तुला इथे आणून माणसांत बसवलं, त्याची जाण नाही, असं बरंच बोलले. बाहेर हिशेब बघणाऱ्या बाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्या दिवसापासून माथ्याच्या आणि तळाच्या फाइलींचा पासवर्ड माझ्याकडून काढून नागपूरच्या वेबसाइटवाल्याकडे दिला. फोटो पुन्हा आला. माझ्याकडे फक्त आतली पानं राहिली, भाव बदलणे, निविदा टाकणे, असली कामं.

पण माथ्याची फाइल आत घालणारी ती ओळ आतल्या पानांतच होती, आणि आतली पानं माझ्याकडे होती. मी दारूमुक्तीच्या पानातली ती ओळ काढून टाकली. आता सर्व्हरला तिथे काही घालायला कोणी सांगत नव्हतं. पान उघडलं की माथाच नाही, संस्थेचं नाव नाही, पत्ता नाही, एकदम मथळ्यापासून सुरू. दिसायला विचित्र दिसत होतं. मला चाललं.

वेबसाइटवाल्यानं ओळ परत घातली. मी काढली. त्यानं घातली. असं काही दिवस चाललं. मग त्याचा फोन आला. हिंदी-मराठी मिसळून बोलायचा, गोड आवाज. म्हणाला, मॅडम, एका फोटोसाठी एवढं काय, तो फोटो काय तुमच्या घरचा आहे? मी म्हणाले, हो, घरचाच आहे. तो म्हणाला, मला सांगितलं तेवढं मी करतो. मी म्हणाले, सर्व्हरही तेवढंच करतो, तुझा पगार कशाला? त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानांचा पासवर्डही बदललेला होता. मी नुसती खुर्चीवर बसायला यायची. कामच नव्हतं. राजीनामा देईन अशी सर वाट बघत होते. मी दिला नाही. त्यांनी मला काढावं, आणि कशासाठी काढलं ते त्यांना कोणाला तरी सांगावं लागावं, असं मला वाटत होतं. तो हट्ट होता. त्या दिवसांत मी ऑफिसात कोणाशी चांगलं बोलले नाही, आणि खोलीवर जाऊन जेवायचीही नाही धड.

एका सकाळी मी ऑफिसला पोचले तर पायऱ्यांवर आत्या बसली होती. भामरागडहून लाल गाडी बदलत बदलत ती एकटी आली होती. चंद्रपूर तिनं त्याआधी पाहिलेलं नव्हतं. ऑफिस कसं सापडलं, विचारलं, तर मधाच्या डब्यावरचा पत्ता तिनं रिक्षावाल्याला दाखवला होता. डबा मांडीवर होता. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं. नाश्ता करू म्हटलं, तर ती म्हणाली, मी तुझ्याकडे आलेली नाही.

सर आले आणि तिला बघून थक्क झाले. मग एकदम खूश. या बाई, बसा बाई, चहा सांगितला, बिस्किटं सांगितली. आणि खिशातून मोबाइल काढून तिच्या शेजारी उभे राहिले, दोघांचा फोटो घ्यायला. आत्यानं तळहात मोबाइलवर ठेवला. झटका नाही, काही नाही, चुलीवरच्या भांड्याचं झाकण दाबावं तसा ठेवला आणि तसाच धरून राहिली. सरांनी मोबाइल खाली घेतला.

ती माडियात बोलली, मी मराठीत सांगितलं. तिचं म्हणणं एकच होतं, फोटो काढा. सर मला म्हणाले, तिला समजावून सांग, या फोटोमुळे तिच्याच गावच्या मधाला भाव मिळतो. मी सांगितलं. आत्या म्हणाली, मधाला भाव मध चांगला असला की मिळतो. ते मी सांगितलं. सर म्हणाले, असं एकेकाला विचारत बसलं तर संस्था चालवायची कशी? हे मी तिला सांगितलं नाही. सर म्हणाले, सांग ना, काऊन नाई सांगून राह्यली? मी म्हणाले, तुम्हीच सांगा, तिला बाजारापुरती मराठी येते.

तेव्हा ते जरा नरमले. बहुतेक वेबसाइटवाल्यानं त्यांना सुचवून ठेवलं असावं, कारण शब्द त्याचे होते. म्हणाले, असं करू, माथ्याच्या दोन फाइली करू. एक फोटोवाली, एक बिनफोटोची. दारूच्या पानाला बिनफोटोची लावू, बाकी सगळं राहू दे. म्हणजे तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं. मी आत्याला ते सांगितलं. तिला ते लगेच कळलं. तिनं मान हलवली. फक्त एका पानावर नको म्हणायला मी आलेली नाही, असं ती म्हणाली.

मग ती उठली, टेबलाच्या या बाजूला आली आणि सरांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. ती आता माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या बाजारातल्या मराठीत तिनं त्यांनाच विचारलं.

"हा हात कोनाचा?"

सर पुढे वाकले. "कोनता हात?"

त्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. एवढे दिवस, एवढ्या पाहुण्यांना दाखवून. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले, आणि मग त्यांना दिसला.

"माह्या पोरीचा," आत्या म्हणाली. "तिले काऊन कापलं?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी काही मदत केली नाही. त्यांनी जे खरं होतं ते सांगितलं. त्या माणसाचं मला आठवतं तेवढं हे एकच खरं बोलणं.

"त्याचं असं आहे बाई, तिथी संस्थेचं नाव लिहाचं होतं. जागा पायजे होती."

आत्याला सगळे शब्द कळले का, मला माहीत नाही. तिनं पडद्यावर संस्थेचं नाव जिथे होतं तिथे बघितलं. तिला वाचता येत नाही. मोठी हिरवी अक्षरं होती, शेजारी पानाचं चिन्ह. ती बराच वेळ तिकडेच बघत होती. मग म्हणाली, कापून टाकलेला राहिलेला फोटो मला दे. सरांनी फोटोवाल्याला फोन लावला, आमच्यासमोरच. तो म्हणाला, तेव्हाचं काही ठेवलेलं नाही, कधीच पुसून टाकलं. सरांनी फोन ठेवून हात पसरले. माझ्या आत्याच्या मुलीचा दुसरा कोणताही फोटो कुठेच नाही, आधारच्या कार्डावरचा एक सोडला तर, आणि त्यात ती ओळखू येत नाही.

आत्या खाली जमिनीवर बसली. खुर्ची होती, पण ती जमिनीवर बसली, दाराच्या मधोमध. फोटो निघाल्याशिवाय ती उठणार नाही, हे कोणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. ये-जा करणारे तिला ओलांडून जाऊ लागले. मग ओलांडणं कोणालाच बरं वाटेना, आणि माणसं बाहेरच थांबली. सर माझ्यावर घसरले. हे तूच शिकवून आणलंस, हे नाटक तुझं आहे, उपकाराची फेड अशी करतात का तुमच्याकडे. 'तुमच्याकडे' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी म्हणाले, आमच्याकडे पाहुण्याला विचारल्याशिवाय त्याच्या भांड्यालाही हात लावत नाहीत. हे अगदी खरं नाही. पण मला त्या वेळी काहीतरी टोचेल असं बोलायचं होतं.

दुपारी त्यांनी वेबसाइटवाल्याला फोन करून फोटो काढायला सांगितलं. माथ्यावर नुसता पांढरा पट्टा आणि हिरवं नाव उरलं. आत्यानं मला पहिल्यांदा काही काम सांगितलं. दाखव, म्हणाली. मी मधाचं पान उघडलं, निविदांचं उघडलं, फोन नंबरांचं, पदाधिकाऱ्यांचं, शेवटी दारूचं. प्रत्येक पान तिनं नीट बघितलं, पुढचं म्हणायच्या आधी मान हलवली. मी तिला सांगितलं, एका ठिकाणाहून काढलं की सगळीकडून जातं, सगळी बघायची गरज नाही. ती म्हणाली, लावतानाही असंच सगळीकडे गेलं होतं ना? मग बघू दे.

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी सोडायला स्टँडवर गेले. तिकीट तिनं स्वतः काढलं. गाडी सुटेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मला यायची गरज नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं, तर म्हणाले, वेबसाइटचं काम आता बाहेरून होतं, तुला काम उरलं नाही. ते खरंच होतं. त्यांनीच तसं करून ठेवलं होतं.

माथ्यावरचा पट्टा फार दिवस पांढरा राहिला नाही. हिशेबाच्या बाईंनी फोन करून सांगितलं, आता तिथे ताडोब्याचा वाघ आहे. वाघाची आत्या भांडाले येत नाई, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले आणि सगळे हसले. बाईही हसल्या असाव्यात, कारण सांगताना त्यांचा आवाज तसा होता. मी त्यांच्याशीही नंतर बोलले नाही.

गावात द्रोणाचं प्रकरण इतक्या सहज मिटलं नाही. वडीलधाऱ्यांनी सुचवलं, की आत्यानं सगळ्यांसमोर एकदा घ्यावी, म्हणजे शंका फिटेल. ती म्हणाली, माझं तोंड मी कोणाला दाखवायला ठेवलेलं नाही. सणाला ती येते, ओळीत बसत नाही. पूर्वजांचा वाटा घरी देते. शेजारीण एकदा तिच्या दारात द्रोण घेऊन गेली होती म्हणतात. आत्यानं तो घेतला नाही. इतक्या उशिरा आणलेलं ती कशाला घेईल?

मला ती घरात घेते, जेवायला वाढते, कामाचं बोलते. मी एकदा विचारलं, अजून राग आहे का? मी तर तुझ्याच बाजूनं भांडले, नोकरी गेली माझी. ती भात वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "ज्याच्या घरात माझी पोरगी कापली, त्याच्या घरचं तू रोज खात होतीस." मी म्हणाले, मला तेव्हा माहीत नव्हतं. ती म्हणाली, कळल्यावरही खाल्लंस, काही महिने. मी जेवले आणि उठले. तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि माझं चुकलं असंही मी म्हणणार नाही. आम्ही दोघी तशाच आहोत.

आता मी वरोऱ्याला असते. कापूस-सोयाबीनच्या एका व्यापाऱ्याकडे ऑफिसचं काम बघते, त्यांच्या साइटवर रोजचे भाव टाकते. माणूस कंजूस आहे, तिरसट आहे, पण मला बाहेर बोलावून कोणाला दाखवत नाही.

परवा भाव टाकत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ओळखीचा निघाला. सरांनी माझी चौकशी केली, गावाकडची केली, आणि मग मुद्द्यावर आले. वेबसाइटवाला काम सोडून गेला होता. जाताना साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवून गेला होता. आता कोणतंही पान उघडलं की वरती कंसात इंग्रजीत एक ओळ येत होती.

"सगळ्या पानांवर येऊन राह्यली," ते म्हणाले. "म्हणते, सूचना पाळताना चूक झाली. हे काय आहे?"

मला ते ऐकताक्षणी कळलं. पानांतली ओळ माथ्याची फाइल मागत होती आणि फाइल त्या जागी नव्हती. ती सापडली नाही की सर्व्हर गप्प बसत नाही, तिच्या जागी आपली तक्रार लिहून मोकळा होतो, प्रत्येक पानावर. मी एवढंच म्हणाले, सर्व्हरला फाइल सापडत नाही.

"मंग कुठी आहे ते?"

"मले नाई माहीत, सर."

हे खरं होतं. शोधून देता आलं असतं, अर्ध्या तासाचं काम. ते थांबले, मी काहीतरी अजून म्हणेन म्हणून. मीही थांबले. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, तोच जुना. शेवटी त्यांनी फोन ठेवला.

मग मी त्यांची साइट उघडून बघितली. वाघ नव्हता, संस्थेचं नाव नव्हतं. मधाच्या भावावर, निविदांवर, पदाधिकाऱ्यांच्या यादीवर, सगळीकडे तीच एक ओळ. मी पुढचं पान उघडत गेले, सगळी बघितली. मला वाईट वाटलं नाही. मग ती खिडकी बंद केली आणि राहिलेले सोयाबीनचे भाव टाकायला घेतले.